व्हाइटनर

परीक्षा विभाग, तिसरा मजला, ऐरोली.
खिडकीतून खाडी दिसते, भरती असेल तर.
ओहोटीला नुसता चिखल
आणि पलीकडे मुलुंडच्या इमारती.
एकोणतीस वर्षं इथल्या रजिस्टरांचा राखणदार मी.

माझ्या खणात कायम व्हाइटनरची बाटली.
ब्रश हलका धरायचा, थर पातळ,
फुंकर मारून वाळवायचं,
मग वर नवा आकडा.
नव्या पोरांना मीच शिकवलं हे.
"हात सफाईचा पाहिजे," म्हणायचो,
त्यातली हातसफाई
मला कधी ऐकू आली नाही.

घरत मॅडम आल्या जूनमध्ये, परीक्षा नियंत्रक म्हणून.
आम्ही परिपत्रकाची वाट पाहिली,
भिंतीवरच्या सुविचाराची, सामूहिक शपथेची.
काही नाही.
स्ट्राँगरूमला तेवढं दुसरं कुलूप लावलं
आणि त्याची किल्ली दिली पदू शिपायाकडे.
"मला एकटीला आत जाता येता कामा नये."
पदूने ती करगोट्याला बांधली.
त्या दिवसापासून तो इस्त्रीचा शर्ट घालतो.

ऑगस्टात निकाल चुकला.
बी.कॉम.ची बेचाळीस मुलं
पास असून नापास.
यादीवर सही मॅडमची.
बाटली घेऊन मीच केबिनमध्ये गेलो.
"आपल्यातच राहील," म्हणालो.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
म्हणाल्या, "आमची भातखाचरं सिडकोत गेली.
साडेबारा टक्क्यांच्या यादीत
एका कारकुनाने बाबांचं नाव चुकवलं,
दुसऱ्याने ते झाकलं.
तेरा वर्षं चपला झिजल्या, भाऊ.
पहिल्या कारकुनावर बाबांचा राग नव्हता."

मग लाल पेन घेतलं.
खालचं वाचता येईल अशी एकच रेघ,
शेजारी खरा आकडा.
बेचाळीस वेळा.
समासात: चूक माझी. वि. घ.
तारीख. वेळसुद्धा, चार वाजून दहा मिनिटं.
संध्याकाळी तेच शब्द फलकावर लागले
आणि बेचाळीस घरी फोन त्यांनी स्वतः केले.
एका आईने शिव्या दिल्या. त्या ऐकून घेतल्या.

व्यवस्थापन परिषदेत अडीच तास उभं केलं त्यांना.
परतल्या तेव्हा टेबलावरचा चहा गार,
तोच प्यायल्या.
आम्ही सगळे एकदम कामात.

नंतर एकदा प्रणोती,
तीन महिन्यांपूर्वी लागलेली पोर,
आपणहून केबिनमध्ये गेली.
पुरवणी भलत्या उत्तरपत्रिकेला जोडली होती तिने.
आतून ओरडणं ऐकू येईल म्हणून
आम्ही पंखा बंद केला.
"कशी जोडली गेली, दाखव," एवढंच ऐकू आलं,
आणि दोघी बराच वेळ
सुई-दोऱ्याबद्दल बोलत राहिल्या.
नाईकांनी मात्र बदली मागून घेतली.
या हवेत त्यांना दम लागायचा.

माझी बाटली वाळून गेली.
कुणी बंदी घातली नव्हती,
वापरायचं राहूनच गेलं.

काल रेकॉर्डरूममध्ये
दोन हजार अकराचं रजिस्टर काढलं.
पान एकशे अठरा.
एकतीसच्या जागी छत्तीस, अक्षर माझं.
पैसे घेतले नव्हते. वरून फोन होता.
'वरून' हा आमच्याकडे पत्ता आहे,
तिथे पत्र पाठवता येत नाही.

पान उलटून मागून बोट फिरवलं.
पेनच्या दाबाने उमटलेला एकतीस,
उलटा,
अजून तिथेच होता.

मॅडम फोनवर होत्या.
खुणेने बसा म्हणाल्या.
रजिस्टर मांडीवर, निवृत्तीला सात महिने.
पेन्शनचा हिशोब डोक्यात दोनदा सुरू झाला,
दोनदा हातचा विसरलो.
खिडकीबाहेर भरती होती की ओहोटी
पाहिलं नाही.
लाल पेन मी माझंच नेलं होतं.